थ्रीडी प्रिंटिंग आणि सर्क्युलर इकॉनॉमी: एका तुटक्या पार्टमुळे अख्खी वस्तू भंगारात का जावी?

घरात बंद पडून असलेल्या वस्तू एकदा मोजून बघा. कुलरच्या समोरच्या पट्ट्यांची खुंटी तुटलेली, मिक्सरच्या भांड्याची दांडी निघालेली, फवारणी पंपाचं झाकण हरवलेलं. मोटार चालू, वायरिंग ठीक, पण दहा-वीस ग्रॅमचा प्लास्टिकचा तुकडा मिळत नाही म्हणून सगळी वस्तू माळ्यावर आणि तिथून भंगारात.

हे फक्त आपल्याच घरात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्के कचऱ्याचं रितसर संकलन आणि रिसायकलिंग झाल्याची नोंद आहे.

थ्रीडी प्रिंटिंग यावर काय करू शकतं? इंटरनेटवर उत्तर शोधलं तर बहुतेक ठिकाणी "बाटल्यांपासून फिलामेंट बनवा" एवढंच सापडतं. माझं मत थोडं वेगळं आहे. प्रिंटरचा खरा उपयोग आधी दुरुस्तीसाठी आहे, रिसायकलिंगचा नंबर नंतर लागतो. का, ते या लेखात बघूया. मी बुलढाणा जिल्ह्यातला, त्यामुळे बरीच उदाहरणं आपल्या भागातली आहेत.

सर्क्युलर इकॉनॉमी म्हणजे काय?

आपली नेहमीची पद्धत सरळ रेषेतली आहे: जमिनीतून माल काढा, वस्तू बनवा, वापरा, फेकून द्या. सर्क्युलर म्हणजे चक्राकार अर्थव्यवस्थेत ही रेष वाकवून गोल करायची असते. वस्तू जास्त दिवस टिकवायची, बिघडली तर दुरुस्त करायची, आणि अगदीच संपली तर तिचा माल परत वापरात आणायचा.

शब्द नवीन वाटतो, पण चांदीसाठी नावाजलेल्या आपल्या खामगावला हे वेगळं शिकवायची गरज नाही. जुनं पैंजण घेऊन सराफाकडे गेलात की तो मोड म्हणून त्याचे पैसे धरतो, ते वितळतं आणि त्याचीच नवी वस्तू होते. कारागिराच्या दुकानातली झाडलेली धूळही वाया जात नाही. झारेकरी ती धुऊन त्यातले कण वेगळे काढतात. चांदी महाग, म्हणून तिचं चक्र आपोआप फिरतं. प्लास्टिक स्वस्त, म्हणून त्याचं फिरत नाही. खरी अडचण इथेच आहे.

या चक्रात सगळ्या पायऱ्या सारख्या नाहीत, हे लक्षात ठेवा. दुरुस्ती सगळ्यात फायद्याची, कारण वस्तू बनवताना लागलेला माल, वीज आणि मेहनत तिच्यात तशीच राहते. रिसायकलिंगमध्ये फक्त माल वाचतो, बाकीचं सगळं परत करावं लागतं.

अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे काय?

लेथ किंवा मिलिंग मशीनवर धातूचा ठोकळा कोरून पार्ट काढतात. नको असलेला भाग किसाच्या रूपात खाली पडतो. अ‍ॅडिटिव्ह पद्धतीत उलटं असतं. काही नाही तिथून सुरुवात करून थरावर थर चढवत वस्तू उभी करायची. थ्रीडी प्रिंटिंग हे त्याचंच बोलीतलं नाव.

घरगुती प्रिंटर समजायला सोऱ्या आठवा. चकलीचं पीठ दाबलं की जाळीतून दोरी बाहेर येते आणि आपण ती गोल फिरवत चकली पाडतो. प्रिंटरमध्ये पिठाच्या जागी प्लास्टिकची १.७५ मिलिमीटर जाडीची तार असते. तिला फिलामेंट म्हणतात. गरम नॉझलमधून ती वितळून बाहेर येते आणि साधारण ०.२ मिलिमीटरचा एकेक थर बसत जातो. आकार कुठून कसा फिरवायचा, हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

तंत्र तसं जुनं आहे. अमेरिकेत चक हल यांनी १९८४ मध्ये रेझिनवर चालणाऱ्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर सांगितलेली तार वितळवण्याची पद्धत स्कॉट क्रम्प यांची, १९८९ च्या सुमाराची. तिचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच बरेच पार्ट छापू शकेल अशा प्रिंटरचा 'रेपरॅप' प्रकल्प सुरू केला होता आणि त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. म्हणूनच आज हे यंत्र एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतं.

फायदा १: माल कमी लागतो

याचं सगळ्यात ठळक उदाहरण इस्रोचं आहे. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं पीएस-४ इंजिन इस्रोने थ्रीडी प्रिंटिंगसाठी नव्याने डिझाइन केलं आणि ९ मे २०२४ रोजी ते ६६५ सेकंद चालवून बघितलं. आधी १४ पार्ट जोडून हे इंजिन बनायचं, आता एकच तुकडा. १९ ठिकाणचं वेल्डिंग वाचलं. इस्रोच्या माहितीनुसार जुन्या पद्धतीत एका इंजिनाला ५६५ किलो कच्चा धातू लागायचा, नव्या पद्धतीत १३.७ किलो धातूची पावडर लागते. म्हणजे सुमारे ४१ पट कमी. वेळही ६० टक्के वाचला.

पण हा आकडा बघून "प्रत्येक वस्तू छापलेली बरी" असं समजू नका. धातू कोरून काढायच्या कामात एवढी बचत होते. साध्या प्लास्टिकच्या बादलीत नाही, कारण बादली साच्यात ओततात आणि तिथे मुळातच फारसं वाया जात नाही.

फायदा २: एकच पार्ट बनवता येतो

आता मुख्य मुद्दा. कंपनी प्लास्टिकचा पार्ट लोखंडी साच्यात बनवते. हा साचा लाखांच्या घरात जातो. हजारो नग काढायचे असतील तरच तो परवडतो. मॉडेल बंद झालं की साचाही बाजूला पडतो आणि सुटा पार्ट मिळेनासा होतो. प्रिंटरला साचा लागत नाही. पहिल्या नगाचा जो खर्च, तोच दहाव्याचा. दहा हजार झाकणं छापणं वेडेपणा आहे. एकच झाकण हवं असेल तेव्हा मात्र प्रिंटरला पर्याय नाही.

गेल्या खरिपात माझ्या मामांच्या चार्जिंग पंपाचं बॅटरीच्या कप्प्याचं झाकण तुटलं. सोयाबीनवर अळी आलेली, फवारणी थांबवून चालणार नव्हतं. दुकानदार म्हणाला, "सुटं झाकण येत नाही भाऊ, नवा पंपच घ्या ना." म्हणजे तीन हजारांच्या आसपास. पंप, मोटार, बॅटरी सगळं चांगलं होतं. आम्ही तुटलेले दोन्ही तुकडे जुळवून व्हर्निअरने मापं घेतली, कॉम्प्युटरवर आकार काढला आणि ओळखीतल्या एका विद्यार्थ्याच्या प्रिंटरवर पीईटीजी प्लास्टिकमध्ये छापून घेतला. वजन भरलं २४ ग्रॅम. प्लास्टिक २५ रुपयांच्या आत, वेळ दोन तास, वीज पाव युनिट. त्या मुलाला मेहनतीचे धरून दीडशे रुपये दिले. फाइल फोनमध्येच होती, म्हणून गावात तसाच पंप असलेल्या आणखी दोघांनी पुढच्या आठवड्यात तेच झाकण बनवून घेतलं. मापं घ्यायची मेहनत एकदाच लागली.

शेतीत असे बरेच पार्ट आहेत. टोकण यंत्रातली बी सोडणारी चकतीच घ्या. मक्याचं बी वेगळं, सोयाबीनचं वेगळं, काबुली हरभऱ्याचं आणखी मोठं. दाण्याच्या मापाची खाच असलेली चकती छापता येते, आणि बियाणं बदललं तर फाइलमध्ये खाचेचं माप बदलून नवीन काढता येते.

काय छापायचं आणि काय नाही?

हे छापा:
- खुंट्या, झाकणं, कड्या, हूक, पाय, मुठी
- कुलरच्या पट्ट्या, रेग्युलेटरची बटणं, चाळण्या
- टोकण यंत्राच्या चकत्या, वायर अडकवायच्या क्लिपा

हे छापू नका:
- कुकरचा व्हॉल्व्ह, गॅसच्या शेगडीचा किंवा नळीचा कुठलाही पार्ट
- फवारणी पंपाचे दाबाखाली राहणारे पार्ट: टाकीचा जोड, नळीचं टोक, ट्रिगर. छापलेल्या वस्तूत थरांच्या मधून गळती होऊ शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले होते. पाठीवर औषध गळणं हा बारीकसारीक बिघाड नाही.
- गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंगचे पार्ट, हेल्मेट
- बाजारात पाच-दहा रुपयांत मिळणारी वस्तू. ठिबकचा जॉइनर दुकानात मिळतो, तो छापण्यात ना पैसा वाचतो ना पर्यावरण.

एक सोपी कसोटी सांगतो. पार्ट ऐन वेळी तुटला तर कुणाला इजा होईल का? उत्तर "हो" असेल तर प्रिंटर बंद ठेवा.

फाइल कुठून आणायची?

प्रिंटर मिळाला तरी फाइल नसेल तर गाडी तिथेच अडते. तीन मार्ग आहेत.

पहिला: तयार फाइल. थिंगिव्हर्स आणि प्रिंटेबल्स या साइटवर लोकांनी बनवलेल्या लाखो फाइली फुकट मिळतात. आधी वस्तूचं मॉडेल टाकून शोधा. मात्र भारतीय कुलर, मिक्सर, पंप यांचे पार्ट तिथे कमी सापडतात. म्हणजे आपण बनवलेली फाइल तिथे टाकली तर दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

दुसरा: स्वतः बनवा. टिंकरकॅड फुकट आहे आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये चालतं. मोबाइलवरच काम करायचं असेल तर ऑनशेपचं अ‍ॅप आहे, पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये तुमचं डिझाइन सगळ्यांना दिसतं. पॉलिकॅम, किरी इंजिन अशी अ‍ॅप फोटोंवरून थ्रीडी आकार तयार करतात. मूर्ती किंवा वेड्यावाकड्या आकारासाठी ती ठीक. नेमका बसायला हवा अशा पार्टसाठी नाही. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालत नाही, व्हर्निअरच लागतो.

तिसरा: कंपनीने स्वतः द्यावी. याची सुरुवात झाली आहे. मे २०२५ मध्ये फिलिप्सने चेक प्रजासत्ताकात 'फिक्सेबल्स' नावाचा उपक्रम सुरू करून दाढीच्या मशीनचा ३ मिलिमीटरचा कंगवा फाइलच्या रूपात लोकांना दिला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं यांच्यासोबत शेतीची उपकरणंही आहेत. माझ्या मते पुढची मागणी सरळ आहे. ज्या मॉडेलचे सुटे पार्ट कंपनी विकत नाही, त्यांच्या फाइली तिने खुल्या कराव्यात.

फायदा ३: टाकाऊ प्लास्टिकपासून फिलामेंट

आता रिसायकलिंगकडे येऊया. महाराष्ट्रात याचा एक चांगला प्रयोग पुण्यात झाला. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. तिच्यासोबत 'प्रोटोप्रिंट' नावाच्या सामाजिक उद्योगाने टाकाऊ एचडीपीई प्लास्टिकपासून फिलामेंट बनवण्याचं काम हाती घेतलं. कल्पना साधी होती. कचरावेचक प्लास्टिक नुसतं किलोवर विकतात तेव्हा हातात थोडेच पैसे पडतात. त्याचं फिलामेंट करून विकलं तर वाढलेली किंमत त्यांनाच मिळेल.

प्रक्रिया अशी असते: प्लास्टिक प्रकारानुसार वेगळं करणं, धुणं, बारीक तुकडे करणं, पूर्ण वाळवणं, वितळवून तार ओढणं आणि रिळावर गुंडाळणं. ऐकायला सोपं आहे. अडचणी तीन:
- तार सगळीकडे सारख्याच जाडीची हवी. मिलिमीटरचा विसावा भाग इकडे-तिकडे झाला तरी छपाई बिघडते.
- प्रत्येक वेळी वितळवल्यावर प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात आणि ते ठिसूळ होतं. म्हणून बऱ्याचदा त्यात नवीन माल मिसळावा लागतो.
- एचडीपीई थंड होताना आकसतं आणि छापताना कोपरे वर उचलले जातात.

आणखी एक गोष्ट. पाण्याची पेट बाटली भंगारवाल्याकडे गेली तर तिचं आधीच धाग्यात वगैरे रूपांतर होतं. तिची पट्टी कापून फिलामेंट करणं शिकायला मजेदार आहे, जरूर करा. पण पर्यावरणाचा मोठा फायदा तेव्हाच, जेव्हा त्या फिलामेंटने एखादी वस्तू भंगारात जाण्यापासून वाचते. बाटलीचं की-चेन केलं तर तो फक्त आकार बदललेला कचरा.

मक्याचं प्लास्टिक आणि घाटाखालचा उन्हाळा

प्रिंटरमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं प्लास्टिक म्हणजे पीएलए. ते मक्यातल्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून बनतं. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करायचं (दह्यात असतं तेच) आणि त्याचे रेणू जोडून प्लास्टिक. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला अशा जैविक प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. मका आपल्या जिल्ह्यातही होतो, त्यामुळे हा विषय आपल्यासाठी परका नाही.

पण दोन गोष्टी जाहिरातीत सांगत नाहीत. एक, पीएलए "विघटनशील" आहे ते साधारण ५८-६० अंशांवर चालणाऱ्या औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात. शेताच्या मातीत किंवा उकिरड्यावर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. दोन, पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात खामगाव, शेगाव, मलकापूरकडे सावलीतला पारा ४४-४५ वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्यावर त्याहून कितीतरी जास्त. तिथे पीएलएचा पार्ट वाकणारच.

म्हणून निवड अशी करा:
- पीएलए: घरातल्या, सावलीतल्या वस्तू, नमुने
- पीईटीजी: साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं. शेतातल्या आणि बाहेरच्या बहुतेक कामांसाठी पुरेसं
- एबीएस किंवा एएसए: साधारण १०० अंशांपर्यंत. उन्हासाठी एएसए जास्त चांगलं. छापताना वास येतो, खोली हवेशीर हवी
- टीपीयू: रबरासारखं लवचिक. पाय, बुश, पॅकिंग

चुकीचं प्लास्टिक निवडलं की दुरुस्त केलेली वस्तू महिन्याभरात परत तुटते, आणि मग कचरा एकाचा दुप्पट.

प्रिंटरही कचरा करतो

फसलेले प्रिंट, आधाराला छापलेले सपोर्ट, रंग बदलताना पडणारं प्लास्टिक हे सगळं टाकाऊच. भंगारवाला पीएलए घेत नाही, कारण त्याला त्याचा गिऱ्हाईक नाही. रेझिन प्रिंटरचं तर आणखी अवघड. घट्ट झालेलं रेझिन परत वितळत नाही आणि पातळ रेझिन विषारी असतं. ते मोरीत ओतू नका.

कचरा कमी करायचे उपाय:
- आधी कागदावर बाह्यरेषा छापून वस्तूवर ठेवून बघा, किंवा फक्त बसणारा भाग छापून तपासा
- सपोर्ट लागणार नाही अशा बाजूने पार्ट ठेवा
- तुकडे प्रकारानुसार वेगळे डबे करून साठवा. मिसळले की ते कुणाच्याच कामाचे नाहीत
- पार्टवर आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव छापा. पुढे रिसायकल करणाऱ्याला उपयोग होतो

बुलढाणा जिल्ह्यात सुरुवात कशी करायची?

प्रिंटर विकत घ्यायची घाई नको. आधी जवळ कुठे आहे ते शोधा. २०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि त्या साहित्यात थ्रीडी प्रिंटर असतो. तुमच्या किंवा शेजारच्या शाळेत अशी लॅब आहे का, सरांना विचारा. शेगाव, चिखली, मलकापूर, बुलढाणा इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही चौकशी करा. खेड्यात अशी कार्यशाळा चालते का, अशी शंका असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ आठवा. तिथल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब सुरू झाली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक.

आणि हे काम एकट्या प्रिंटरवाल्याचं नाही. कुलर-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिक काकांना माहीत असतं, कोणता पार्ट सारखा तुटतो आणि कोणता मिळत नाही. त्यांच्याकडे अनुभव, तुमच्याकडे डिझाइन. महिन्याला पाच पार्टच्या फाइली तयार झाल्या तरी वर्षाला साठ होतात, आणि तालुक्यापुरती ती एक पार्टची लायब्ररीच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंपनीचा पार्ट छापणं बेकायदेशीर आहे का?
स्वतःची वस्तू दुरुस्त करायला साधा पार्ट बनवण्यात सहसा अडचण येत नाही. पण पेटंट किंवा नोंदणीकृत डिझाइन असलेला पार्ट छापून विकू नका, आणि कंपनीचं नाव किंवा लोगो त्यावर अजिबात टाकू नका.

मोबाइल दुरुस्त होईल का?
स्क्रीन, बॅटरी, बोर्ड नाही. चार्जरची तुटलेली क्लिप, बटणाची टोपी असं किरकोळ काम होऊ शकतं. फोन जास्त वर्षं चालवायचा असेल तर बॅटरी बदलणं हाच चांगला उपाय.

छापलेला पार्ट मूळ पार्टइतका मजबूत असतो का?
बहुतेक वेळा नाही. थर जिथे चिकटतात तिथे तो कमजोर असतो. जोर थरांना एकमेकांपासून ओढून वेगळं करणार नाही अशा दिशेने छापला आणि भिंत थोडी जाड ठेवली तर रोजच्या वापराला पुरतो.

थोडक्यात

क्रम लक्षात ठेवा: आधी दुकानात सुटा पार्ट शोधा, नाही मिळाला तर छापा, छापताना योग्य प्लास्टिक निवडा, फाइल इतरांना द्या, आणि उरलेले तुकडे वेगळे ठेवा. काय छापलं यापेक्षा त्यामुळे किती वस्तू भंगारात जायच्या वाचल्या, हे मोजा. या आठवड्यात माळ्यावर चढून एक बंद वस्तू खाली काढा आणि तिचा नेमका कोणता तुकडा तुटला आहे ते बघा.